मासे आणि सरपटणारे प्राणी: ऊन, थंडी, कमी प्राणवायू यांचा शरीरावर काय परिणाम होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे, किनाऱ्यावर घरटी राखणारे कासवमित्र, साप सोडवणारे सर्पमित्र आणि घरात काचेच्या टाकीत कासव ठेवणारे, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्राणी वेगळे असले तरी अडचण एकच आहे. हे जीव अंगातली ऊब स्वतः तयार करून टिकवत नाहीत. पाणी तापलं की मासा तापतो, वाळू तापली की अंडं तापतं.

"थंड रक्ताचे प्राणी" म्हणजे त्यांचं रक्त थंड असतं का?

नाही. उन्हात दगडावर बसलेल्या सरड्याचं रक्त आपल्याहूनही गरम असू शकतं. त्यांचं तापमान भोवतालावर ठरतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. (ट्यूनासारखे काही मासे याला अपवाद आहेत, पण ते आपल्या तळ्यात नसतात.)

तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्राण्याच्या शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. हृदय, पचन, श्वसन सगळं त्याच पटीत धावतं. सरडा सावलीत सरकून हा वेग कमी करू शकतो. तळ्यातल्या माशाला फार तर खालच्या गार थरात जाता येतं, आणि तिथे बहुतेक वेळा प्राणवायूच नसतो.

माशाची कोंडी दोन्ही बाजूंनी होते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना ६.९. म्हणजे २० वरून ३० अंशांवर जाताना माशाची गरज दुपटीहून अधिक होते आणि साठा सहाव्या हिश्शाने घटतो.

ताण आला की शरीरात नेमकं काय घडतं?

पहिल्या काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. त्यामागून काही मिनिटांत मुख्य संप्रेरक वाढू लागतं. माशात ते कॉर्टिसॉल असतं, साप-सरडे-कासव-मगरीत कॉर्टिकोस्टेरॉन. माशाला आपल्यासारखी वेगळी ॲड्रेनल ग्रंथी नसते. हे काम मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात विखुरलेल्या पेशी करतात.

पुढच्या तासाभरात यकृतातली साखर रक्तात येते, हृदय जोरात चालतं, कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो. धोका टळला तर काही तासांत, फार तर एका दिवसात सगळं जागेवर येतं. इथवर ताण उपकारकच असतो, त्यानेच जीव वाचतो.

कारण हटलं नाही तर मात्र शरीर उधारीवर चालतं. वाढ थांबते, अंडी तयार होणं थांबतं, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणून एप्रिलच्या उन्हाचा हिशोब कधी कधी मे महिन्यात अंगावरच्या जखमांच्या रूपात दिसतो, आणि औषध मात्र जखमेवर शोधलं जातं.

ताणाचा आणि अंगातल्या क्षारांचा काय संबंध?

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांतून आत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मासा भरपूर पातळ लघवी करून आणि कल्ल्यांनी क्षार परत ओढून तोल सांभाळतो. दमलेला मासा प्राणवायूसाठी कल्ल्यांत जास्त रक्त खेळवतो, आणि त्याच दारातून पाणी अधिक शिरतं, मीठ अधिक निसटतं. जाळ्यात धडपडलेला मासा त्या दिवशी ठीक दिसून दोन दिवसांनी मरतो, त्यामागे बऱ्याचदा ही गळती असते.

पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. दुपारी तेच मासे ठणठणीत. असं का?

हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच तो घेतं. मासे, तळातला गाळ आणि शेवाळ, तिघेही रात्रभर एकाच साठ्यावर जगतात. सूर्योदयाच्या थोडं आधी साठा सर्वांत खाली जातो.

भारतीय कार्प माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू असला की खाणं आणि वाढ नीट चालते. ३ च्या खाली ताण सुरू होतो, १ च्या आसपास मासे मरू लागतात. कटला आणि सिल्व्हर कार्प सहसा आधी वर येतात. एकाच जातीत मोठे मासे आधी मरतात. मरळ आणि मागूर वरून हवा गिळतात, म्हणून टिकतात. सकाळी तळ्यात फक्त मोठे मासे उलटे दिसले आणि बारके शिल्लक असले, तर विषापेक्षा प्राणवायूचा संशय आधी घ्या. विष सहसा असा आकार पाहत नाही.

सर्वांत वाईट वेळ कोणती? ढगाळ, बिनवाऱ्याचे दोन-तीन दिवस. शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायू करत नाही, रात्री खर्च मात्र तेवढाच. दुसरी वेळ म्हणजे गडद हिरवं पाणी एका दिवसात तपकिरी किंवा राखाडी होतं तेव्हाची. शेवाळ मेलेलं असतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू घेतात. वळवाचा गार पाऊस पडल्यावर वरचं पाणी खाली बसतं आणि तळचं प्राणवायूविना पाणी वर येतं, ही तिसरी.

रात्री किती खाली जाईल हे आधी कळू शकतं का?

हो. प्राणवायू मोजायचा मीटर किंवा किट हवं, बाकी साधी वजाबाकी आहे. रात्री ८ वाजता मोजा, ११ ला पुन्हा त्याच जागी, त्याच खोलीवर मोजा. समजा ८ ला ७ होता आणि ११ ला ५.५. तीन तासांत १.५ उतरला, म्हणजे तासाला अर्धा. सकाळी ६ पर्यंत सात तास उरले, आणखी ३.५ जाणार. पहाटे २ मिलिग्रॅम उरेल. म्हणजे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री १२ लाच सुरू करायचा, मासे वर यायची वाट पाहायची नाही.

मीटर नसेल तर दंडापर्यंत हात पाण्यात घाला. कोपर पाण्यात जाण्याआधीच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ फार दाट आहे, त्या रात्री तळ्यावर माणूस ठेवा.

मासे आत्ता वर आले आहेत. काय करू?

खाद्य लगेच बंद. एरेटर असेल तर चालू. नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून, पाइपाच्या तोंडाला बोट किंवा फळी लावून, फवारा करून परत तळ्यात पाडा. पाणी जितकं बारीक फुटेल तितका प्राणवायू मिसळेल. पाणी वरच्या फूटभर थरातून उचला. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाचं पाणी ओढणारं तोंड, तळाशी असेल तर गाळातलं वाईट पाणी वर येतं आणि उपायच अपाय होतो.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडताय तर थेट पाइप पाण्यात बुडवू नका. बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ते उंचावरून पत्र्यावर किंवा दगडांवर आपटून तळ्यात जाऊ द्या. जाळं ओढून मासे "वाचवायला" जाऊ नका, त्या धडपडीत उरलेला प्राणवायूही संपतो.

ऊन चढल्यावर मासे खाली गेले म्हणून संकट गेलं असं समजू नका. पुढचे दोन दिवस खाद्य अर्ध्यावर ठेवा आणि रात्री मोजत राहा.

ऑक्सिजनच्या गोळ्या किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकलं तर?

गोळ्यांनी थोड्या जागेत, थोड्या वेळापुरता आधार मिळतो. त्यातल्या बऱ्याच गोळ्या पाण्याचा सामूही (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) वाढवतात, हे पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा. परमँगनेट प्राणवायूसाठी टाकणं ही चूकच आहे. ते शेवाळ मारतं, आणि मेलेलं शेवाळ त्याच रात्री प्राणवायू खातं.

सकाळी अमोनिया तपासला तर ठीक आला. तरी मासे संथ आहेत, खात नाहीत.

किट जो आकडा देतं तो एकूण अमोनियाचा असतो. त्यातला विषारी भाग किती, हे सामू आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला ३६ टक्के.

किटवर १ मिलिग्रॅम आला आहे असं धरा. सकाळी ७ ला पाणी २७ अंश, सामू ७.५: विषारी भाग ०.०२. दुपारी ४ ला तेच पाणी ३१ अंश आणि शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे सामू ९: विषारी भाग ०.४५ च्या वर. एकूण अमोनिया तोच, विष वीसपटीहून अधिक. दीर्घकाळासाठी हा आकडा ०.०५ च्या आत हवा. म्हणून प्राणवायू पहाटे मोजायचा आणि अमोनिया-सामू दुपारी. उलट वेळी मोजलं की दोन्ही आकडे खोटा दिलासा देतात.

मासा आपला अमोनिया कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडतो. बाहेर तो आधीच जास्त असला की आतला निघत नाही, रक्तात साठतो, मेंदूवर चढतो. मासा आधी सुस्त होतो, मग गोल गोल फिरतो, झटके देतो. उपाय म्हणजे खाद्य बंद करणं आणि पाण्याचा काही हिस्सा बदलणं.

मग अशा वेळी चुना टाकायचा ना? सगळे तेच सांगतात.

अमोनिया वाढलेला असताना कळीचा किंवा विरवलेला चुना टाकणं म्हणजे सामू वर ढकलून विष स्वतःच्या हाताने वाढवणं. तळं रिकामं असताना, गाळ वाळवून, मासे सोडण्याआधी चुन्याला तोड नाही. भरल्या तळ्यात मात्र आधी सामू आणि अमोनिया पाहा. पन्नीच्या अस्तराच्या शेततळ्यात मातीचा आधार नसल्याने सामू आणखी झपाट्याने वरखाली होतो, तिथे हात अधिकच आखडता ठेवा.

कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसतात. प्राणवायू भरपूर आहे.

हे नायट्राइट, म्हणजे पाण्यातल्या अमोनियापासून जिवाणू तयार करतात तो पदार्थ. ते कल्ल्यांतून रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहताच येत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

नायट्राइट कल्ल्यात शिरतं ते क्लोराइडच्या वाटेने. वाटेवर क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइटला जागा मिळत नाही. क्लोराइड नायट्राइटच्या दहापट ठेवायचं. जाड्या मिठात साधारण ६० टक्के क्लोराइड असतं. ३०×३०×३ मीटरचं, उतरत्या काठांचं शेततळं काठोकाठ भरलं तर सुमारे २,२०० घनमीटर पाणी बसतं. नायट्राइट १ मिलिग्रॅम असेल तर १० मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे सुमारे १६.५ मिलिग्रॅम मीठ लिटरमागे, म्हणजे पूर्ण भरलेल्या तळ्याला ३६ किलो. मेमध्ये तळं अर्धं असेल तर मीठही त्याच हिशोबात. आणि आधी पाण्यातलं क्लोराइड तपासून घ्या. अनेक बोअरचं पाणी आधीच पुरेसं खारं असतं, तिथे मिठाची गरजच नसते.

बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली की दोन-तीन दिवसांत निम्मी मरते. बीज खराब येतं का?

कधी कधी. बहुतेक वेळा मात्र वाहतूक आणि सोडण्याची घाई नडते.

निघण्याआधी बोटुकली २४ तास हापा जाळ्यात उपाशी ठेवलेली असावी. पोट भरलेली पिल्लं पिशवीत विष्ठा करतात आणि अमोनिया वाढतो. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू. प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा.

तळ्यावर आल्यावर बंद पिशव्या सावलीच्या बाजूला १५ ते २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. आतल्या-बाहेरच्या तापमानात २ अंशांहून जास्त फरक राहू नये. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी दोन-तीन वेळा आत घाला आणि पिशवी आडवी करा, पिल्लं आपणहून बाहेर येतील.

इथे एक बारकावा आहे. आठ-दहा तासांच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्यामुळे सामू उतरलेला असतो, आणि म्हणूनच साठलेला अमोनिया निरुपद्रवी राहिलेला असतो. पिशवी उघडून त्यात तासभर हवा सोडत बसलात तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. काळजी घेणाराच पिल्लं मारून बसतो. लांबच्या प्रवासानंतर तापमान बंद पिशवीतच जुळवा. उघडल्यावर १० मिनिटांत सोडून मोकळे व्हा.

प्रवासात मीठ किती?

१,००० लिटरला ३ ते ५ किलो, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीला दीड ते अडीच किलो. वर सांगितलेली क्षारांची गळती याने कमी होते. आयोडिनवालं बारीक नको, जाडं मीठ घ्या. हाच हिशोब शेततळ्याला लावू नका, तिथे साडेसहा टन लागेल.

उन्हाळ्यात खाद्य कसं द्यायचं?

खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो, आणि ही गरज खाल्ल्यानंतर काही तासांनी शिखरावर जाते. संध्याकाळी ६ ला पेंड-कोंडा टाकला तर पचनाची गरज आणि रात्रीची उतरण एकत्र येतात. सकाळी ९ नंतर, प्राणवायू चढल्यावर द्या. पाणी ३४ अंशांवर गेलं की निम्मं करा. ढगाळ दिवशी एक वेळ चुकवली तर मासा उपाशी मरत नाही.

थंडीत अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा येतात.

थंडीत माशाची प्रतिपिंडं तयार होण्याचा वेग फार मंदावतो. त्याच काळात काही बुरश्या जोमात असतात. भारतात १९८८ पासून दिसलेला जखमांचा साथीचा रोग ॲफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवाने होतो, आणि तो १८ ते २२ अंशांच्या पाण्यात, मोठ्या पावसानंतर किंवा हिवाळ्यात उफाळतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाळं ओढणं, वर्गवारी करणं टाळा. जाळ्याने खवले निघालेली जागा हे त्याचं दार असतं. तिलापिया असेल तर अधिक जपा, १६ अंशांखाली तो खाणं सोडतो आणि १० ते १२ च्या आसपास मरतो.

ताणामुळे अंडी धरत नाहीत का?

हो. कॉर्टिसॉल चढलेलं राहिलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे दबतात, यकृतात बलक तयार होणं कमी होतं, आणि तयार झालेली अंडी शरीर परत शोषून घेतं. मे महिन्यात प्रजनकांना, म्हणजे बीजासाठी राखलेल्या मोठ्या माशांना, गर्दीत, कमी प्राणवायूत ठेवलं तर जूनमध्ये अंडी सोडवण्याचं इंजेक्शन देऊनही मादी अंडी सोडत नाही. दोष औषधाला दिला जातो. प्रजनक मासे विरळ ठेवा आणि हंगामाआधी पुन्हा पुन्हा जाळ्यात घेऊ नका.

सरपटणाऱ्या प्राण्यांत काय वेगळं असतं?

त्यांना जागा बदलता येते, हा मोठा फरक. आजारी सरडा अधिक गरम जागी जाऊन स्वतःला ताप आणतो. १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर दाखवलं की जंतुसंसर्ग झालेल्या इग्वानांना ४० अंशांच्या वर राहू दिलं तर बहुतेक जगतात, ३४ ला ठेवलं तर मरतात. पिंजऱ्यात एकच तापमान ठेवणं म्हणजे त्यांचं औषध काढून घेणं.

दुसरा फरक पाण्याचा. साप, सरडे नत्र युरिक ॲसिडच्या पांढऱ्या लगद्यात टाकतात, त्यात पाणी फार थोडं जातं. पण शरीर फारच कोरडं पडलं तर हेच युरिक ॲसिड मूत्रपिंडात आणि हृदयाच्या आवरणावर साचतं. दिसायला धडधाकट साप आतून गेलेला असतो.

वाळूच्या तापमानावर कासवाचं पिल्लू नर की मादी ठरतं, हे खरं?

खरं. ऑलिव्ह रिडले या आपल्या किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या समुद्री कासवाच्या अंड्यात लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात घरट्यातलं तापमान २९-३० अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही होतात. त्याखाली नर जास्त, वर माद्या जास्त. सतत ३५ च्या पुढे गेलं तर भ्रूणच मरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्के माद्या आढळल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मगरीत उलट आहे. आपल्याकडच्या मगरीच्या अंड्यांत ३२.५ अंशांच्या आसपास नर जास्त आणि त्याहून कमी तापमानात माद्या.

कोकणात वेळासला २००२ पासून घरटी राखली जातात, त्यानंतर हे काम आंजर्ले, गुहागर आणि इतर किनाऱ्यांवर पसरलं. हंगामाच्या सुरुवातीची घरटी आणि फेब्रुवारी-मार्चची घरटी यांच्या वाळूत फरक असतो. उशिराच्या घरट्यांवर नारळाच्या झावळ्यांची सावली करा, जमिनीपासून तीन-चार फूट वर, वारा खेळता राहील अशी. पाणी ओतून गार करू नका. ओल्या वाळूतून हवा जात नाही, आणि शेवटच्या पंधरवड्यात भ्रूणांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो. त्याच काळात शंभरेक अंड्यांची स्वतःची ऊबही वाळूत १ ते ३ अंशांची भर घालते. तापमापक अंड्यांशेजारी, त्याच खोलीवर पुरलेला असेल तरच आकड्याला अर्थ आहे.

घरटं हलवताना काय चुकतं?

उशीर आणि उलटापालट. अंडं घातल्यावर काही तासांतच भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो सुटतो आणि मरतो. हलवायचंच असेल तर पहिल्या दोन-तीन तासांत, जी बाजू वर ती वरच ठेवून, खाली मूळ घरट्याची ओली वाळू पसरलेल्या बादलीत. दुपारच्या उन्हात बादली उघडी नको. नवा खड्डा सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, मडक्यासारखा. दोन घरट्यांत मीटरभर अंतर.

पिल्लं पर्यटक येईपर्यंत टोपलीत ठेवली तर बिघडतं का?

बिघडतं. वाळूतून वर आलेल्या पिल्लाकडे पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी असते आणि ती पहिल्या दिवसाच्या सलग पोहण्यासाठी असते. टोपलीत ते थांबत नाही, भिंतीला धडका देत वल्हवत राहतं. काही तासांनी सोडलं की समुद्रात उतरतं, फोटोही छान येतो, पण लाटांपलीकडे जायचं बळ खर्च झालेलं असतं. निसर्गात पिल्लं बहुधा रात्री निघतात, कारण वरची वाळू तापलेली असताना ती वरच्या थराखाली थांबून राहतात. सोडण्याचा कार्यक्रम पिल्लांच्या वेळेवर ठरवा. पाहुणे थांबतील.

मगर पकडून हलवल्यावर मरते, ती का?

मगरीचे स्नायू थोडा वेळ प्रचंड जोर लावतात, पण तो जोर प्राणवायूशिवायचा असतो. त्यातून लॅक्टिक ॲसिड साठतं आणि रक्ताचा सामू खाली येतो. मोठ्या मगरी दीर्घ झटापटीनंतर केवळ याने मेलेल्या आहेत. सांगलीजवळ कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत पूर ओसरल्यावर मगरी वस्तीत सापडतात, तेव्हा लोक दोऱ्यांनी तासभर ओढाओढ करतात. तिथेच नुकसान होतं.

हे काम वनविभागाच्या पथकाचं आहे. गर्दी मागे हटवा, डोळ्यांवर ओलं कापड, तोंड बांधताना नाकपुड्या मोकळ्या, भर दुपारी हालचाल नको. सोडताना खोल पाण्यात ढकलू नका. काठावर मोकळी ठेवा. बळ आलं की ती स्वतः उतरेल.

पकडलेला साप सोडेपर्यंत कसा ठेवायचा?

कापडी पिशवीत, सावलीत. प्लास्टिकची बरणी उन्हात किंवा बंद गाडीच्या डिकीत काही मिनिटांत भट्टी होते. धामण असो वा घोणस, त्यातून पळायला जागा नसते. पोट फुगलेलं असेल तर कमीत कमी हाताळा. धोका वाटला की साप गिळलेलं ओकतो आणि कित्येक दिवसांची कमाई जाते. आणि गारठ्यात ठेवला तर ते पचण्याआधीच पोटात कुजतं.

सोडायचं सापडल्या जागेच्या जवळच. दूर जंगलात सोडलेले साप बिळं, पाणी, भक्ष्य शोधत जास्त भटकतात आणि जास्त मरतात. उन्हाळ्यात तिन्हीसांजेला सोडा. थंडीत मात्र दुपारी, म्हणजे रात्रीआधी त्याला अंग शेकून बीळ गाठता येईल.

नागाला दूध?

साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीआधी दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पातळ पितो, एवढंच. ते दूध श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाचा दाह होतो.

घरातल्या लाल कानाच्या कासवाचे डोळे सुजले, कवच मऊ झालं.

पाणी २४ ते २७ अंश हवं आणि चढून बसायला ३० ते ३२ अंशांची कोरडी जागा. ती नसेल तर कासव जेवण पचवू शकत नाही, कवच कधी वाळत नाही आणि बुरशी धरते. मऊ कवच हे कॅल्शियम आणि अतिनील किरणांच्या अभावाचं. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. थेट कोवळं ऊन द्या, अर्धी जागा सावलीत ठेवून. अतिनील दिवा असेल तर तो प्रकाश देत राहिला तरी ६ ते १२ महिन्यांनी बदला, किरण आधी संपतात. सुजलेले डोळे बहुधा जीवनसत्त्व अ कमी पडल्याचे. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवात हे हटकून दिसतं.

कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नका, ही परदेशी जात देशी कासवांची जागा घेते. आणि देशी कासव घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

ताण मोजता येतो का?

येतो, पण मोजण्यासाठी पकडणं हाच ताण असतो. म्हणून रक्त पकडल्यापासून साधारण ३ मिनिटांच्या आत घ्यावं लागतं. त्यानंतरचा आकडा तुमच्या हाताळणीचा. माशात साखर मोजायला माणसांचा ग्लुकोमीटरही वापरतात. त्याचा आकडा नेमका नसतो, पण दोन तळ्यांची तुलना करायला पुरतो.

अशा मोजमापाचा उपयोग गालापागोस बेटांवर दिसला. जानेवारी २००१ मध्ये तिथे एका टँकरमधून तेल सांडलं. सांता फे बेटावरच्या समुद्री इग्वानांचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेलं पाहून संशोधकांनी पुढे मोठी मर वर्तवली, आणि वर्षभरात तिथले ६२ टक्के इग्वाना मेले. त्याआधी १९९७-९८ च्या एल निनोत (प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या काळात) खाद्य संपल्यावर याच जातीच्या इग्वानांची लांबी २० टक्क्यांपर्यंत घटली होती.

मेलेले मासे तपासणीला कसे पाठवायचे?

रात्री मेलेला, फुगलेला मासा निरुपयोगी. मरणाच्या दारातले तीन-चार मासे घ्या, पिशवीत घालून बर्फावर ठेवा, गोठवू नका. गोठवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पाण्याची बाटली वेगळी: तळ्याच्या मध्यातून, पाण्याखाली बूच लावून, हवेचा बुडबुडा न ठेवता. बाटलीवर वेळ लिहा, आणि सोबतच्या कागदावर गेल्या आठ दिवसांत तळ्यात काय काय टाकलं तेही. प्राणवायू मात्र काठावरच मोजा. प्रयोगशाळेपर्यंत तो तसाच राहत नाही.